जिने चढणं आणि लिफ्ट टाळणं

पत्र

"लालबागची आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि तीन वर्षांपूर्वी आम्ही नव्या टॉवरमध्ये १६व्या मजल्यावर राहायला आलो. गेल्या पावसाळ्यात मी एकटीच लिफ्टमध्ये असताना ती ९व्या आणि १०व्या मजल्याच्या मध्ये बंद पडली. २५ मिनिटं आत होते. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, घशाला कोरड. आता आपण मरतो, असंच वाटलं. नंतर डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. तेव्हापासून मी जिन्यानेच जाते-येते. दिवसातून एकदाच उतरते, कधी तेही नाही. भाजी, दूध, औषधं घरपोच मागवते. दादरला सकाळ-संध्याकाळ क्लासमध्ये शिकवायचे, दोन वेळा चढ-उतार नको म्हणून ते सोडलं. बहीण कांदिवलीला २२व्या मजल्यावर राहते. तिच्याकडे जात नाही, तिलाच बोलावते. एकदा मिस्टरांनी हात धरून लिफ्टमध्ये नेलं, तर तिसऱ्या मजल्यावर मी ओरडत बाहेर पडले. डॉक्टरांनी टेन्शनची गोळी लिहून दिली होती, फारच झालं तर अर्धी घ्या म्हणाले. ती पर्समध्ये असते, अजून घेतलेली नाही. मुलगा म्हणतो, 'आई, डोळे मीट आणि देवाचं नाव घे, मिनिटभरात पोचशील.' मला वाटतं, जिने चढणं तब्येतीला चांगलंच. पण आता गुडघे दुखायला लागलेत. मी भित्री आहे का?" (वय ४४, लालबाग)

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. बंद लिफ्टमध्ये २५ मिनिटं एकटं अडकल्यावर पुढचे काही दिवस लिफ्टची धास्ती वाटणं अगदी साहजिक आहे. बऱ्याच जणांची ती थोड्या दिवसांत आपोआप ओसरते, कारण त्यांना कामाधामासाठी लिफ्टने जावंच लागतं. तुमची ओसरली नाही, कारण तिला ओसरायची संधीच मिळाली नाही. त्या दिवसापासून तुम्ही लिफ्टमध्ये थांबलाच नाहीत.

हे कसं घडतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लिफ्टसमोर उभं राहिलं की पोटात गोळा येतो. तुम्ही जिन्याकडे वळता आणि तो गोळा लगेच विरघळतो. ही सुटका फार सुखाची असते. मेंदू त्यातून शिकतो, की वळलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर वळायला सांगतो. मॉरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४७ साली हे दोन टप्पे मांडले होते: भीती बसते एका प्रसंगाने, पण टिकते ती प्रत्येक वेळी मिळणाऱ्या सुटकेमुळे. तुमच्या बाबतीत प्रसंग एकच झाला. सुटका मात्र वर्षभर रोज मिळत आली.

तिसऱ्या मजल्यावर बाहेर पडलात त्या दिवशीही हेच झालं. भीती चढत होती, शिखराला पोचली होती, आणि नेमक्या त्या क्षणी दार उघडलं. थांबला असता तर ती उतरताना तुम्हाला कळली असती. बाहेर पडल्यामुळे शिकलात ते एवढंच, की पळालो म्हणून जगलो. मिस्टरांचा हेतू चांगला होता, पण तयारीशिवाय एकदम वरच्या पायरीवर नेलं की असंच होतं, आणि मग "आम्ही प्रयत्न केला, जमलं नाही" असा शिक्का बसतो.

आता टाळणं ओळखण्याबद्दल. लिफ्ट सोडणं हे उघड टाळणं आहे, ते तुम्हालाही ठाऊक आहे. तुमच्या पत्रात याशिवाय निदान चार गोष्टी आहेत, ज्या टाळण्यासारख्या दिसत नाहीत. घरपोच भाजी ही सोय वाटते. क्लास सोडणं हा वेळेचा हिशेब वाटतो. बहिणीला बोलावणं हा पाहुणचार वाटतो. आणि जिने चढणं हा व्यायाम वाटतो. प्रत्येकामागे एक सज्जन कारण आहे, म्हणून घरातही कोणी हरकत घेत नाही.

कारण खरं की आडोशाचं, हे तपासायला एकच प्रश्न पुरतो: भीती नसती तर मी हेच केलं असतं का? व्यायाम म्हणून जिने चढणारी बाई गुडघा दुखतो त्या दिवशी किंवा हातात दहा किलो तांदूळ असताना लिफ्ट घेते. तुम्ही घेत नाही. मग तो व्यायाम राहत नाही. शिवाय १६ मजले रोज उतरणं गुडघ्यांना चांगलं नाही. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे जास्त दाब येतो. दुखणं आहे तोवर ऑर्थोपेडिकला दाखवून घ्या.

एक आठवडा फक्त नोंद करा, काहीही बदलू नका. शंभर पानी वही घ्या आणि पानावर चार रकाने आखा: काय टाळलं, स्वतःला काय कारण सांगितलं, लगेच किती हायसं वाटलं (० ते १०), आणि त्याची किंमत काय पडली. शेवटच्या रकान्यात पैसेही लिहा आणि माणसंही. "डिलिव्हरीचे ४० रुपये", "मंडळाच्या आरतीला गेले नाही", "बहीण दोन गाड्या बदलून आली". आठवडा संपल्यावर तिसरा आणि चौथा रकाना शेजारी ठेवून वाचा. सराव कशासाठी करायचा, हे बाहेरून कोणी समजावण्यापेक्षा त्या दोन रकान्यांतून जास्त पटतं.

दुसरं काम लिफ्टची माहिती घेण्याचं. ते एकदाच करायचं. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, की मेंटेनन्सचा माणूस कधी येतो, आणि त्याच्याशी दहा मिनिटं बोला. हे प्रश्न विचारा: त्या दिवशी लिफ्ट नेमकी कशाने बंद पडली? एआरडी बसवलेलं आहे का, आणि त्याची बॅटरी शेवटची कधी तपासली? (वीज गेली की बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारं हे यंत्र असतं. ते असूनही बॅटरी मेलेली असली तर उपयोग शून्य.) आतला इंटरकॉम वॉचमनच्या केबिनमध्ये वाजतो का? आणीबाणीचा दिवा लागतो का? रात्री वॉचमनकडे मेंटेनन्सवाल्याचा नंबर असतो का? यातलं काही बंद असेल तर मिस्टरांना सोसायटीकडे लेखी अर्ज द्यायला सांगा. २५ मिनिटं कोणी न येणं ही सोसायटीच्या व्यवस्थेची खरी त्रुटी आहे आणि ती दुरुस्त करून घेणं हा तुमचा हक्क आहे. महाराष्ट्रात लिफ्टसाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे. लिफ्ट चालवायला परवाना लागतो आणि सरकारी निरीक्षकाची तपासणी असते.

तो माणूस बहुधा असंही सांगेल, की लिफ्ट मध्येच थांबते ती बऱ्याचदा सुरक्षेच्या साखळीमुळे. एखाद्या मजल्याचं दार नीट मिटलं नाही, खोबणीत कचरा अडकला, मुलांनी दार धरून ठेवलं, तर संपर्क तुटतो आणि लिफ्ट जागीच उभी राहते. म्हणजे थांबणं हा त्रास असला तरी पडण्याची सुरुवात नसते. दोरखंड एकापेक्षा जास्त असतात. वेग मर्यादेबाहेर गेला की गव्हर्नर नावाची यंत्रणा ब्रेकचे जबडे रुळांवर आवळते. दोर तुटला तरी पाळणा जागीच अडकवणारी यंत्रणा ओटिस या अमेरिकन संशोधकाने न्यूयॉर्कमध्ये १८५४ साली लोकांसमोर दोर कापून दाखवली होती, आणि उंच इमारती उभ्या राहिल्या त्या त्यानंतर. शिवाय लिफ्टचा डबा हवाबंद नसतो. वर-खाली झरोके असतात, दारांना फटी असतात. हवा संपत नाही. गुदमरल्यासारखं वाटतं ते वेगळ्या कारणाने, ते पुढे सांगतो.

हे सगळं एकदा ऐका आणि वहीत लिहून ठेवा. रोज इंटरनेटवर लिफ्टच्या अपघाताच्या बातम्या शोधणं, किंवा रोज मिस्टरांना "आज लिफ्ट ठीक आहे ना?" विचारणं, हेही टाळण्याचंच रूप आहे. खात्री मागितली की घटकाभर बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागावी लागते.

आता शरीराचं. घाबरल्यावर ॲड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास जलद होतो. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि पुरेशी हवा असूनही हवा कमी पडते असं वाटतं. त्या दिवशीच्या मुंग्या याच होत्या. भीतीचा असा झटका साधारण दहा मिनिटांच्या आत शिखर गाठतो आणि मग उतरतो. शरीर तितक्या जोरात फार वेळ राहू शकत नाही. चक्कर आल्यासारखं वाटलं तरी शुद्ध हरपणं अशा झटक्यात विरळा, कारण त्या वेळी रक्तदाब वाढलेला असतो. (रक्त किंवा इंजेक्शन पाहून घाबरणाऱ्यांचा रक्तदाब मात्र एकदम खाली येतो, त्यामुळे ते खरोखर बेशुद्ध पडू शकतात. त्यांचा सराव वेगळा असतो.) तुमचा ईसीजी झालाच आहे. फॅमिली डॉक्टरांना थायरॉइड आणि हिमोग्लोबिनबद्दलही विचारा. या दोन्हींतल्या बिघाडाने धडधड वाढते आणि भीतीला आयतं निमित्त मिळतं.

ही लक्षणं घरात मुद्दाम आणून बघा. बारीक स्ट्रॉ तोंडात धरून, नाक चिमटीत पकडून एक मिनिट श्वास घ्यायचा. मग जागच्या जागी एक मिनिट भराभर पावलं टाकायची. (गुडघा दुखत असेल त्या दिवशी पावलं वगळा.) प्रत्येकी तीन वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून. धडधड होईल, कोंडल्यासारखं वाटेल, आणि ते आपोआप शमेल. दम्याचा, हृदयाचा, फिट्सचा त्रास असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. सोप्या वाटणाऱ्या या सरावाचा फायदा मोठा आहे: लिफ्टमध्ये धडधड सुरू झाली की ती ओळखीची वाटते.

मग शिडी. भीतीला ० ते १०० आकडा द्यायचा. ० म्हणजे घरात चहा पिताना, १०० म्हणजे त्या दिवशी ९व्या-१०व्या मजल्याच्या मध्ये. पायरीपायरीने सामोरं जाण्याचा सराव वोल्पे या डॉक्टरने १९५०च्या दशकात रुजवला, आणि आकड्यांची ही पद्धतही पुढे त्यानेच आणली. आज तो सराव बराच बदलला असला तरी पायऱ्या आणि आकडे टिकून आहेत. तुमच्या इमारतीसाठी आमचा अंदाज असा. आकडे तुम्ही बदला, कारण भीती तुमची आहे:

तळमजल्याच्या लॉबीत लिफ्टसमोर दहा मिनिटं उभं राहणं, दार उघडताना-मिटताना बघणं: २५
आत जाऊन दार उघडं ठेवण्याचं बटण दाबून दोन मिनिटं उभं राहणं, मिस्टर बाहेर: ३५
दार मिटू देणं, लिफ्ट तळमजल्यावरच, मग स्वतः बटण दाबून उघडणं: ४५
तळमजला ते पहिला, मिस्टरांसोबत: ५०
तेच एकटीने, मिस्टर पहिल्या मजल्यावर उभे: ५५
तळमजला ते पाचवा, एकटीने: ६५
तळमजला ते १६वा, मिस्टरांसोबत: ७०
तळमजला ते १६वा, एकटीने, दुपारच्या शांत वेळी: ८०
तेच संध्याकाळी, लिफ्ट माणसांनी भरलेली असताना: ८५
अनोळखी इमारतीतली लिफ्ट, आणि मग बहिणीची, २२ मजले: ९०
मेंटेनन्सचा माणूस हजर असताना त्याच्याकडून लिफ्ट दोन मिनिटं थांबवून घेऊन आत थांबणं: ९५

शेवटची पायरी वाचून पोटात खड्डा पडला असेल. ती आत्ताच्या तुमच्यासाठी नाही, दोन-तीन महिन्यांनंतरच्या तुमच्यासाठी आहे. पण ती वगळू नका. तुमची खरी भीती लिफ्टने वर जाण्याची नाही, लिफ्ट थांबण्याची आहे. न अडकता चालणाऱ्या लिफ्टने हजार फेऱ्या केल्या तरी "थांबली तर?" हा प्रश्न मागे उरतोच. ही पायरी मात्र फक्त त्या माणसाच्या हातून. स्वतः लाल बटण दाबून किंवा दार ओढून लिफ्ट थांबवू नये.

इथे लिफ्टच्या सरावातली एक अडचण नीट समजून घ्या, नाहीतर महिनाभर घाम गाळून हाती काही लागत नाही. तळमजला ते १६वा हा प्रवास मिनिटभरात संपतो. भीतीला चढून उतरायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणून दिवसाला एक फेरी मारली तर दार उघडतं ते नेहमी भीती वर असतानाच, आणि मेंदू पुन्हा तेच शिकतो, की बाहेर पडलो म्हणून सुटलो. दिवसाला एक फेरी वर्षभर करूनही लोक तिथेच राहतात, ते यामुळे. उपाय म्हणजे सलग फेऱ्या. एक पायरी घ्या आणि बाहेर न पडता खाली-वर, खाली-वर आठ ते दहा वेळा करा. एका बैठकीला ३० ते ४५ मिनिटं द्या, आठवड्यातून निदान चार-पाच दिवस. दुपारी अडीच ते चार ही वेळ बहुतेक टॉवरमध्ये रिकामी असते. शाळेच्या बस आणि मोलकरणींच्या वेळा टाळा. वॉचमनला आधी सांगून ठेवा, म्हणजे तो कॅमेऱ्यात बघून गोंधळणार नाही.

प्रत्येक बैठकीआधी वहीत एक वाक्य लिहा: आज काय होईल असं मला वाटतं, आणि किती टक्के खात्री आहे. "दार मिटल्यावर श्वास कोंडून मी बेशुद्ध पडेन, ७० टक्के." वाक्य असं हवं, की नंतर खरं-खोटं ठरवता येईल. "मला वाईट वाटेल" हे वाक्य चालणार नाही, कारण वाईट वाटणारच आहे. बैठकीनंतर खाली लिहा: प्रत्यक्ष काय झालं, भीतीचा आकडा सुरुवातीला किती, सर्वांत वर किती, शेवटी किती, आणि आता तीच खात्री किती टक्के. आकडा शून्यावर येण्याची वाट बघू नका. ७० वरून ४५ वर आला आणि बेशुद्ध पडला नाहीत, एवढ्यावर त्या दिवसाचं काम झालं. दोन-तीन बैठकांत खात्री २० टक्क्यांच्या खाली आली की पुढची पायरी.

एखाद्या पायरीवर फारच अवघड वाटलं तर? तळमजल्यापर्यंत पळत सुटू नका. एक पायरी खाली या, तिथे पाच-सहा फेऱ्या करा आणि त्या दिवसाचा शेवट तिथे करा. मध्ये एक छोटी पायरी घालता येते का बघा, जसं पाचव्याऐवजी तिसरा मजला. पण "आज मूड नाही, उद्या बघू" हे कारण वहीच्या दुसऱ्या रकान्यात जाईल.

आधाराच्या काठ्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मेहनत करूनही भीती न हटण्याचं हे एक मोठं कारण असतं. माणूस लिफ्टमध्ये असतो, पण हातात फोन, फोनवर मिस्टरांचा नंबर तयार. पाण्याची बाटली छातीशी. बोट अलार्मच्या बटणावर. डोळे मिटलेले. मजले मोजणं चालू. फेरी सुखरूप होते आणि श्रेय जातं बाटलीला. तुमच्या पर्समधली गोळीही त्यातलीच, न घेतलेली असली तरी. "ती आहे म्हणून मी ठीक आहे" हा विचार तिच्यासोबत फिरत असतो. सुरुवातीच्या दोन-तीन पायऱ्यांना एखादी काठी चालेल. पण प्रत्येक पायरी पूर्ण झाल्याचं धरायचं ते ती काठी काढून तीच पायरी पुन्हा केल्यावर. फोन बंद करून पर्समध्ये, मग पर्स घरी. डोळे उघडे, नजर आरशाकडे किंवा दाराकडे. मिस्टर सोबत, मग पहिल्या मजल्यावर, मग घरी.

मुलाने सांगितलेल्या नामस्मरणाचं उत्तर नाजूक आहे. देवाचं नाव घेणं ही तुमची श्रद्धा असेल तर ती सोडायचा प्रश्नच येत नाही. सकाळी देवघरात बसून घ्या, निघताना नमस्कार करा. सरावाच्या त्या अर्ध्या तासात मात्र भीती दाबायला नामाचा वापर करू नका. तसा केला तर एक दिवस नाम मध्येच तुटेल, आणि त्या तुटण्याचीच भीती वाटायला लागेल. "एकदा डोळे मिटून बस" हा सल्लाही याच कारणाने चुकतो. डोळे मिटून गेलेली फेरी मेंदूच्या लेखी तुम्ही गेलेलीच नसते.

हळू श्वास घेण्याचंही तेच. घरी, झोपण्यापूर्वी जरूर करा. लिफ्टमध्ये धडधड थांबवण्यासाठी श्वास मोजत बसलात तर धडधड धोक्याची आहे हेच स्वतःला सांगितल्यासारखं होतं. आत असताना करायचं ते एवढंच: उभं राहायचं आणि काय होतंय ते मनात साध्या शब्दांत म्हणायचं. "धडधड आहे, ८० आहे, दार मिटलंय, मी उभी आहे."

घरच्यांसाठी दोन शब्द, हा भाग त्यांना वाचायला द्या. "काही होत नाही गं" म्हणू नका, त्याने ताईंना वाटतं की आपलं कोणाला कळतच नाही. ढकलू नका, चेष्टा करू नका, आणि पाहुण्यांसमोर विषय काढू नका. विचारा एवढंच: "आता आकडा किती?" आणि थांबा. दुसऱ्या बाजूने, त्यांच्यासाठी जी कामं तुम्ही आपसूक करू लागला आहात ती हळूहळू परत द्या. आठवड्यातून दोन डिलिव्हरी गेटवरच ठेवायला सांगा, ताईंनी खाली जाऊन घ्यायच्या, सुरुवातीला उतरताना जिन्याने आणि वर येताना त्या दिवशीच्या पायरीपर्यंत लिफ्टने. किराण्याच्या पिशव्या उचलून देणं ही माया आहे, पण वर्षभर ती मायाच लिफ्टची जागा घेते आहे. हे सगळं भांडणातून नको, एका रविवारी बसून ठरवून व्हावं. काय देणार, काय नाही, कधीपासून, ते त्याच वहीत लिहा.

मध्ये काय काय बिघडेल तेही सांगून ठेवतो. झोप नीट न झालेल्या दिवशी, पाळीच्या आधी, दोन-तीन कप जास्त चहा-कॉफी झाली त्या दिवशी आकडा वर जाईल. सराव वाया गेला असं समजू नका. गावाला आठ-दहा दिवस जाऊन आलात की पहिल्या फेरीला भीती परत दिसेल. एक पायरी खालून सुरू करा, दोन-तीन दिवसांत पूर्वीच्या जागी याल. लिफ्ट मेंटेनन्ससाठी बंद असेल तर शेजारच्या टॉवरची, मॉलची, हॉस्पिटलची काचेची लिफ्ट वापरा. नाहीतरी एकाच लिफ्टमध्ये सराव केला तर धीर त्या एकाच लिफ्टपुरता येतो. वेळ बदला, लिफ्ट बदला, पायऱ्यांचा क्रमही पुढे पुढे थोडा उलटसुलट करा.

आणि खरंच पुन्हा अडकलात तर? अलार्म दाबायचा, इंटरकॉमवर मजला सांगायचा, मग खाली बसायचं. फोन असेल तर वॉचमनला लावा. कोणी येईना तर अग्निशमन दलाचा १०१. दार जोराने उघडायचा प्रयत्न करू नका, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असताना फटीतून चढून किंवा उडी मारून बाहेर पडू नका. अडकलेल्या लिफ्टमध्ये बसून राहण्यापेक्षा तसं बाहेर पडणं कितीतरी धोक्याचं, कारण लिफ्ट अचानक हलू शकते आणि खाली लिफ्टची उघडी पोकळी असते. आग लागली तर मात्र जिनाच. तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरलं असेल तेव्हाही लिफ्ट वापरू नये. पावसाळ्यात परळ-लालबागला हे नवं नाही. या वेळी जिना घेणं ही सावधगिरी झाली, ती टाळण्यात मोजू नका. फरक तोच: असं कारण सगळ्यांना लागू होतं आणि पाणी उतरलं की संपतं.

गोळीबद्दल. अशा वेळी देतात ती गोळी बहुधा अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम असते. अधूनमधून सरावाआधी ती घेतली तर फेरी सोपी होते, पण शिकणं कच्चं राहतं आणि सवय लागण्याचा धोका असतो. तुम्ही ती घेतलेलीच नाही, त्यामुळे सोडण्याचा प्रश्न नाही. हे वाचणारं कोणी ती रोज घेत असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ दुसऱ्या प्रकारची औषधं देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती या सरावासोबत चालतात.

सहा ते आठ आठवडे सांगितल्याप्रमाणे सराव करूनही तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या पुढे सरकला नाहीत, लिफ्ट सोडून ट्रेन, गर्दी, एकटं घरी राहणं अशाही गोष्टींची भीती वाटू लागली, त्या २५ मिनिटांची स्वप्नं पडून झोप मोडत असेल, किंवा जगणंच नको असं वाटू लागलं, तर वाट बघू नका. शेवटची गोष्ट असेल तर आठ आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी बोला. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास आणि मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तुमच्या घरापासून परळचं केईएम जवळ आहे, तिथे मानसोपचार विभागाची ओपीडी चालते. मुंबई सेंट्रलचं नायर आणि शीवचं रुग्णालय इथेही आहे. पहिल्या भेटीला ही वही सोबत न्या. कधी, काय, किती, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असलं की डॉक्टरांचा पहिला अर्धा तास वाचतो. आणि "मला एक्सपोजरचा सराव करायचाय, तो इथे करून घेतात का?" असं स्पष्ट विचारा. (भीतीला पायरीपायरीने सामोरं जाण्याच्या या सरावाला डॉक्टर एक्सपोजर म्हणतात.) नुसतं बोलून मन मोकळं होतं, पण लिफ्टची भीती लिफ्टमध्येच उतरते. त्यासाठी सोबत उभं राहणारा किंवा निदान पायऱ्या ठरवून दर आठवड्याला वही तपासणारा तज्ज्ञ हवा.

क्लासच्या मॅनेजरना आत्ताच फोन करून ठेवा. जून महिन्यात नव्या बॅचेस सुरू होतात, आणि पाचव्या मजल्यापर्यंत एकटीने जाऊ लागलात की दिवसातून एक वेळची बॅच घेता येईल.